नवा टेम्पो आणि वाढीव वॉरंटी : सही करण्यापूर्वी

शिरूर आणि दौंड तालुक्यांतील आठवडे बाजार करणारे कापडवाले आता पूर्वीप्रमाणे एस.टी.च्या टपावर गाठोडी टाकून फिरत नाहीत. २००५ साली टाटांची 'एस' बाजारात आली, लोकांनी तिचे नाव 'छोटा हत्ती' ठेवले, आणि हळूहळू आमच्या धंद्यातील पुष्कळांच्या दारात लहान टेम्पो उभा राहिला. न्हावरा, मांडवगण, केडगाव, यवत, पाटस असा आठवडा फिरणाऱ्यास टेम्पो म्हणजे दुकानच होय. तो एक दिवस बंद पडला की त्या गावचा बाजार गेला, आणि गेलेला बाजार पुन्हा आठ दिवसांनीच येतो. शोरूममधील विक्रेत्याला ही भीती चांगली ठाऊक असते. गाडीची किंमत ठरली, कर्जाचे कागद झाले, चावी तेवढी हातात यायची राहिली, की तो आणखी एक कागद पुढे सरकवतो. "चाचा, दोन वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊन टाका. हप्त्यात साडेतीनशेचाच फरक पडेल, पुढे टेन्शन नाही."

या एका कागदाबद्दल आम्हांस वारंवार विचारले जाते, म्हणून हा मसला येथे तपशिलाने मांडत आहोत. त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. पैसा वाचतो की जातो हा एक, आणि शरीअतच्या दृष्टीने हा व्यवहार कोणत्या प्रकारचा आहे हा दुसरा. बहुतेक जण पहिल्याचाही हिशोब करीत नाहीत, मग दुसरा तर दूरच राहिला.

मुळात गाडीसोबत जी वॉरंटी मिळते तिच्याबद्दल वाद नाही. कापडाच्या भाषेत सांगायचे तर ती रंगाची खात्री आहे. गिऱ्हाईक तागा हातात घेऊन विचारते, रंग जाईल का? आपण सांगतो, गेला तर परत आणा. त्या शब्दाचे आपण वेगळे पैसे घेत नाही, ते किमतीतच आलेले असतात. मालात मूळचा ऐब निघाला तर गिऱ्हाइकाला सौदा मोडण्याचा हक्क आहे, यास फिकहमध्ये 'खियार-ए-ऐब' म्हणतात. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा भिजलेले धान्य वर का ठेवले नाही असा जाब त्यांनी विक्रेत्यास विचारला, ही हदीस आपल्या मशिदींतून नेहमी सांगितली जाते. तेव्हा माल सदोष निघाल्यास विक्रेत्याने जबाबदार राहणे हे उपकार नव्हेत, ते त्याचे कर्तव्य होय. वाढीव वॉरंटी मात्र वेगळी वस्तू आहे. येथे जबाबदारीच स्वतंत्र किंमत लावून विकली जाते, आणि तीही आज पैसे घेऊन काही वर्षांनंतरची.

हिशोब कागदावर मांडावा

आकडे समजण्यापुरते घेऊ. समजा गाडीस कंपनीची तीन वर्षे किंवा १ लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेवढी वॉरंटी आहे. वाढीव घेतल्यास पाच वर्षे किंवा दीड लाख किलोमीटर. तिची किंमत समजा १४,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी २,५२० रुपये, एकूण १६,५२० रुपये झाले. ही रक्कम रोख न देता ११ टक्के दराच्या पाच वर्षांच्या कर्जात मिळवली तर हप्ता सुमारे ३६० रुपयांनी वाढतो आणि साठ हप्त्यांत २१,५०० रुपयांच्या वर जातात. म्हणजे पाच हजार रुपये निव्वळ व्याज, आणि तेही अशा वस्तूवर जिचा उपयोग पहिली तीन वर्षे शून्य आहे. व्याजापासून दूर राहण्याची धडपड करणारा मनुष्य गाडीचे कर्ज कमीत कमी व्हावे म्हणून दागिने मोडतो, सोसायटीतून उसने आणतो, आणि शेवटच्या पाच मिनिटांत या कागदावर सही करून व्याज वाढवून घेतो. विक्रेता 'हप्त्यात फरक' सांगतो, एकूण रक्कम सांगत नाही. ती आपण विचारली पाहिजे.

आता किलोमीटर पाहू. केवळ तालुक्यातले बाजार करणारा दिवसाला ८० किलोमीटर, आठवड्यातून पाच दिवस फिरतो असे धरले तर वर्षाला २०,८०० किलोमीटर होतात. तीन वर्षांत ६२,४०० आणि पाच वर्षांत १ लाख ४ हजार. याला वाढीव दोन वर्षे पूर्ण मिळतील. परंतु जो महिन्यातून इचलकरंजी, भिवंडीच्या खरेदीच्या फेऱ्या स्वतःच्या टेम्पोने करतो त्याचे महिन्याला आणखी १,२०० किलोमीटर धरा. वर्षाचे ३५,२०० झाले. त्याची मूळ वॉरंटी तीन वर्षांनी नव्हे, दोन वर्षे दहा महिन्यांतच संपते, आणि वाढीव वॉरंटी सव्वाचार वर्षांत. म्हणजे त्याला दोन वर्षांचे म्हणून जे विकले ते प्रत्यक्षात सतरा महिन्यांचे ठरले. मीटर भरभर फिरणारालाच गरज अधिक, आणि त्यालाच माल कमी मिळतो!

वाचकांनी स्वतःच्या गेल्या वर्षाच्या डिझेल-सीएनजीच्या पावत्या काढून हा हिशोब करावा. अंदाजाने करू नये, कारण आपण सगळेच आपले फिरणे कमी समजतो.

कागदात जे नसते

आमच्या रस्त्यांवर टेम्पोचे काय मोडते? उसाचा हंगाम सुरू झाला की न्हावरा आणि पाटसकडच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत जावे लागते, क्लच प्लेट जळते, ब्रेक लायनर झिजतात. आडरस्त्यांच्या खड्ड्यांत पाटे तुटतात, टायर जातात. धुळीने फिल्टर भरतो. यांतील क्लच, लायनर, फिल्टर, टायर, पट्टे, बल्ब ही सारी 'झीज होणारे भाग' म्हणून साधारणपणे वॉरंटीतून वगळलेली असतात. बॅटरी व टायरची हमी त्या त्या कंपनीची असते. ठरलेली सर्व्हिसिंग चुकली, ती अधिकृत ठिकाणी झाली नाही, किंवा वजन मर्यादेपेक्षा जास्त भरले, तर उरलेल्या भागांवरचा हक्कही अडचणीत येतो. आणि बैलपोळा, दिवाळी, ईदच्या आधी टेम्पोत किती गठ्ठे चढतात हे आम्ही वेगळे सांगायला नको.

यापेक्षाही दुर्लक्षित गोष्ट बॉडीची आहे. पुष्कळ जण चासी एका ठिकाणाहून घेतात, वर पत्र्याचा बंद डबा दुसरीकडे बांधतात, आत ताग्यांसाठी फळ्या, साड्यांसाठी दांड्या, संध्याकाळच्या बाजारासाठी दिवे आणि ओरडायला भोंगा बसवतात. कंपनीची वॉरंटी चासी-इंजिनपुरती असते, डब्याची नसते. दौंड भागातील एका कापडवाल्याने बाजारातल्या वायरमनकडून दिव्यांची जोडणी थेट गाडीच्या वायरिंगमधून करून घेतली. पुढे गाडीच्या कंट्रोल युनिटमध्ये बिघाड झाला तेव्हा, जोडणी बाहेरची आहे, असे सांगून त्याचा दावा नाकारला गेला. वाढीव वॉरंटीचे पैसे त्याने भरलेले होतेच. राज्य सरकारने २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण आणले आणि बिछाना-स्वयंपाकघर असलेल्या राहत्या मोटारींची चर्चा होऊ लागली. तिथेही चासी एकाची, आतला संसार दुसऱ्याचा, आणि नळ गळला तर कोणाकडे जावे हा प्रश्न तोच. तेव्हा बॉडी बांधणाऱ्याकडूनही किती महिन्यांची, कशाकशाची जबाबदारी हे पावतीवर लिहून घ्यावे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद आहे. जबाबदारीसुद्धा एक उधारीच आहे.

दुसरी बाजूही न्यायाने सांगितली पाहिजे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाच्या गाड्या आल्या. डिझेल गाडीतील इंजेक्टर, सेन्सर, धुराचा फिल्टर हे भाग महाग आहेत आणि चौफुल्यावरचा जुना मिस्त्री कितीही हुशार असला तरी कॉम्प्युटर लावल्याशिवाय दोष शोधू शकत नाही. असा एखादा भाग वॉरंटीनंतर गेला तर एका फटक्यात मोठा खर्च बसतो. त्यामुळे विक्रेत्याने घातलेली भीती पूर्णपणे खोटी नाही.

शरीअतचा प्रश्न

आम्ही व्यापारी आहोत, मुफ्ती नव्हे. फतवा आपल्या उलेमांकडूनच घ्यावा. मात्र प्रश्न नीट विचारता यावा म्हणून एवढे सांगतो. ज्या सौद्यात काय मिळणार, किती मिळणार, मिळणार की नाही हेच अनिश्चित असते त्यात 'गरर' येतो. १६,५२० रुपये दिले आणि काहीच बिघडले नाही तर सारे गेले, बिघडले तर साठ हजारांचे काम फुकट झाले, या रचनेचे विम्याशी साम्य आहे. जागतिक इस्लामी फिकह अकादमीने १९८५ साली जेद्दाह येथील अधिवेशनात ठरलेल्या हप्त्याचा व्यापारी विमा नाजायज ठरविला. याच अकादमीने १९९८ साली बहरीनमधील मनामा येथे देखभालीच्या करारांचा विचार केला. विक्रीच्या वेळीच ठरावीक मुदतीपर्यंत देखभाल विक्रेत्याकडे राहील ही अट, तसेच काम आणि मोबदला दोन्ही निश्चित असलेला मजुरीचा करार, यांना तिने गुंजाइश दिली.

म्हणून 'वॉरंटी' हा शब्द पाहून हो किंवा नाही म्हणू नये, करार पाहावा. वर्षातून अमुक सर्व्हिसिंग, अमुक तेलबदल, अमुक तपासणी असे मोजून सांगितलेले काम विकत घेणे हा एक प्रकार. गाडी बनविणाऱ्याने स्वतःच्या मालाची जबाबदारी पैसे घेऊन लांबविणे हा दुसरा, आणि त्यात उलेमांमध्ये मतभेद आहेत. आणि ज्याने गाडी ना बनविली ना विकली अशी तिसरीच कंपनी, जिच्यामागे कधी विमा कंपनी उभी असते, तिने जोखीम विकत घेणे हा तिसरा प्रकार. त्यापासून दूर राहावे असे आमचे स्पष्ट मत आहे. मुफ्तीसाहेबांकडे जाताना माहितीपत्रक नव्हे, अटींचा पूर्ण कागद न्यावा. मोटार वाहन कायदा, १९८८ खालील त्रयस्थ पक्षाचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. वाढीव वॉरंटी कोणत्याही कायद्याने सक्तीची नाही, 'घ्यावीच लागते' असे कोणी म्हणाले तर लेखी मागावे.

आमचा सल्ला

तालुक्यातच फिरणारा, सीएनजी किंवा पेट्रोलची गाडी घेणारा, वेळेवर सर्व्हिसिंग करणारा कापडवाला असेल तर त्याने वाढीव वॉरंटी घेऊ नये. तेच ३६० रुपये दर महिन्याला गल्ल्यातून वेगळे काढून गाडीच्या नावाने ठेवावेत. मूळ वॉरंटीची तीन वर्षे संपतील तेव्हा १२,९६० रुपये हाती असतील, पाच वर्षांत २१,६०० होतील, आणि या पैशातून क्लच प्लेटही येते, पाटाही येतो. कोणी अटी वाचून दाखवत नाही. बाजारातल्या चार-पाच टेम्पोवाल्यांनी आपसांत असा निधी केला तर मोठे कामही निभावते, मात्र हिशोब लिहिणारा एक अमानतदार हवा.

भरपूर फिरणाऱ्या डिझेलवाल्याने विचार करावा, पण त्याच दिवशी नव्हे. साधारणपणे कंपन्या मूळ वॉरंटी संपण्यापूर्वी वाढीव घेण्याची मुभा देतात, उशिरा किंमत थोडी वाढते इतकेच. शेवटची तारीख, शेवटचे किलोमीटर आणि त्या वेळची किंमत कोटेशनवर लिहून मागावी. तोपर्यंत गाडीचा स्वभाव कळतो. घेतलीच तर रोख, कंपनीच्या स्वतःच्या नावाची, आणि दौंड-शिरूरच्या जवळ कोणते अधिकृत वर्कशॉप काम करील ते पाहून. बिघडलेली गाडी ओढून पुण्यापर्यंत नेण्याचे भाडे कोण देणार, हे प्रत्येकाने विचारावे.

दावा नाकारला तर नकार लेखी घ्यावा. आपण व्यापारी, ग्राहक कायदा आपल्याला नाही, हा गैरसमज पुष्कळांचा आहे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात सांगितले की पोटापाण्यासाठी स्वतः चालविण्याकरिता रिक्षा किंवा ट्रक घेणारा हा ग्राहकच आहे, मदतीला एक-दोन माणसे असली तरी चालते. २०१९ च्या कायद्यातही स्वयंरोजगाराची ही सवलत कायम आहे. पगारी ड्रायव्हर ठेवून चार-चार टेम्पो फिरविणाऱ्याला मात्र तिचा आधार कठीण. तक्रार दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे करता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, पाच ते दहा लाखांपर्यंत २०० रुपये आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करावा, आणि सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती पहिल्या दिवसापासून एका पिशवीत, टेम्पोत नव्हे, घरी ठेवावी.