गाडी सुरू करायची तयारी आदल्या रात्रीच

अगं, मोटरहोम घेऊन जानेवारीत डॅलसहून कॅलगरीला येतेयस हे ऐकून आनंद झालाच. पण आईसमोर बोलायचं टाळलं, ते आता सांगते. बर्फातल्या रस्त्याची काळजी सगळेच करतात. मला त्याआधीची काळजी आहे, सकाळी गाडी सुरू होण्याची. इथे पारा उणे २० पर्यंत सहज उतरतो, म्हणजे तुझ्या फॅरनहाइटमध्ये उणे ४. डिझेलच्या इंजिनात स्पार्क प्लग नसतो. हवा दाबली की ती तापते आणि त्या तापानेच डिझेल पेटतं. इंजिनाचं लोखंडच गारठलेलं असेल तर ताप त्यात जिरून जातो आणि तू कितीही सेल मारलास तरी गाडी दाद देत नाही. म्हणून सकाळी निघायचं असेल तर कामाला आदल्या रात्री लागायचं, एवढं मनाशी पक्कं धर.

पहिली गोष्ट डिझेलची. त्यात मेणाचा अंश असतो. थंडीत आपलं खोबरेल तेल बाटलीत थिजतं ना, तसं ते आधी गढुळतं आणि मग फिल्टरमध्ये मेण साचतं. गंमत म्हणजे पाइपात उरलेल्या डिझेलवर गाडी सुरू होते, थोडी चालते आणि रस्त्यातच बंद पडते. टेक्सासच्या पंपावर तिथल्या हवेला साजेसं डिझेल मिळतं. तीच टाकी फुल्ल करून उत्तर गाठू नकोस. कोलोरॅडोत पोचेपर्यंत टाकी खाली येईल असा हिशोब ठेव आणि पुढे वायोमिंग, मॉन्टानात तिथलं हिवाळी डिझेल भरत ये. त्यात हलकं, ‘नंबर वन’ डिझेल मिसळलेलं असतं. मायलेज थोडं कमी पडेल, पडू दे. आपल्याकडे लडाखलाही हीच अडचण होती, म्हणून तर इंडियन ऑइलने २०१९ मध्ये तिथे उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं.

डिझेल थिजू नये म्हणून घालायचं औषध मिळतं, ते बरोबर असू दे. पण ते डिझेल पातळ असतानाच टाकीत घालायचं, जमेल तर भरायच्या आधी, म्हणजे नीट मिसळतं. एकदा थिजलं की त्या बाटलीचा उपयोग नाही. फिल्टरमधलं पाणी निघायच्या आधी काढून घे आणि एक नवा फिल्टर गाडीत ठेव.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ब्लॉक हीटर. हा इंजिनातलं कूलंट गरम ठेवतो. इथे प्रेअरीत गाड्यांच्या तोंडातून प्लग लोंबत असतो आणि बऱ्याच इमारतींच्या पार्किंगमध्ये तो लावायला खांब असतात. मोटरहोममध्ये मात्र इंजिन मागे असलं तर हीटरची वायर आत कुठेतरी खोचलेली असते आणि स्विच कधीकधी झोपायच्या खोलीत, पलंगाशेजारी सापडतो. तुझा कुठे आहे ते डॅलसमध्येच शोध, लावून बघ, अर्ध्या तासाने इंजिनाला हात लावून खात्री कर. अंधारात, हातमोजे घालून शोधायची ही वस्तू नाही. निघायच्या आधी तीन-चार तास तरी तो चालू हवा. एकटा हीटर हजार-दीड हजार वॅट खातो, त्यामुळे तीस अँपिअरच्या कनेक्शनवर खोलीचा हीटर आणि मायक्रोवेव्ह एकदम लावलेस तर ब्रेकर पडणार. जाड, बाहेरच्या वापराचीच वायर घे.

बॅटरीचंही बघ. कडाक्याच्या थंडीत तिची ताकद निम्म्यावर येते, आणि घट्ट झालेलं ऑइल ढवळायला इंजिन मात्र जास्त जोर मागतं. बॅटरी जुनी असेल तर घरीच बदल. पूर्ण भरलेली बॅटरी गोठत नाही, उतरलेली गोठते, आणि गोठलेल्या बॅटरीला जंप दिलास तर ती फुटू शकते. ऑइलही मॅन्युअल बघून थंडीचं, सिंथेटिक घाल.

सकाळी घाई करू नकोस. आधी दिवे, पंखे सगळे बंद. किल्ली ‘ऑन’वर आणून थांब, डॅशबोर्डवरचा ‘वेट टू स्टार्ट’चा दिवा विझू दे. ॲक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. सेल अर्ध्या मिनिटाहून जास्त मारू नकोस, मध्ये दोन मिनिटं स्टार्टरला विसावा दे. ‘बॅटरी बूस्ट’चं बटण असेल तर दाबून धर, गाडीतल्या घरवापराच्या बॅटऱ्याही मदतीला येतात. सुरू झाल्यावर ऑइलचा दाब बघ, ब्रेक हवेचे असतील तर हवा भरू दे, आणि मग हळू निघ. उगाच तासभर उभी चालू ठेवू नकोस, तसं इंजिन धड तापत नाही.

आणि हे अगदी हात धरून सांगते. कुणी मदत म्हणून ईथरचा स्प्रे मारायला आलं तर सरळ नाही म्हण. ग्लो प्लग किंवा हवा तापवणारी जाळी लाल झालेली असते, इनटेकमध्येच स्फोट होतो. टाकीखाली शेगडी, ज्वाला काही नको. धूर स्वच्छ करणारं द्रव, डीईएफ, उणे ११ ला गोठतं, त्याला घाबरू नकोस. गाडी सुरू झाली की ते आपोआप वितळतं, त्यात दुसरं काहीही ओतू नकोस.

एवढं करूनही एखादी रात्र उणे ३० ची निघाली आणि प्लगची सोय नसली, तर मुक्काम वाढव. म्हणूनच आईला पोचायची तारीख देऊन बसू नकोस. तारीख दिली की माणूस थंडी न बघता निघतं. ‘त्या आठवड्यात येते’ एवढंच सांग, बाकी आईचं मी बघून घेते.