दिवाळी अंक स्टॉलवर लागल्यानंतर

मुद्रितशोधन आणि अनुवाद ही माझी रोजीरोटी. नोकरी नाही, पुण्यात घरी बसून काम. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून आमच्या धंद्याचं वर्ष दिवाळीभोवती फिरत आलं आहे. गणपती ते दसरा मान वर करायला फुरसत नसते आणि अंक स्टॉलवर लागले की फोन थंडावतो. या दिवसांत निभावायचं कसं, असं नव्याने या कामात आलेली मुलं-मुली विचारतात. मला उमगलं ते असं.

१. मंदी कोणती, ते आधी ओळखावं. गेल्या दोन-तीन वर्षांच्या कामाची वही काढून बसावं. नोव्हेंबर-डिसेंबर दरवर्षीच कोरडे जात असतील आणि साहित्य संमेलनाच्या, मराठी भाषा गौरव दिनाच्या तोंडावर पुस्तकांची प्रुफं येत असतील, तर घाबरण्याचं कारण नाही. मात्र जे गिऱ्हाईक ऐन हंगामातही फिरकलं नाही, त्याची नोंद वेगळी करावी. कंपन्यांची माहितीपत्रकं पूर्वी अनुवादाला यायची. आता यंत्राकडून करून घेतलेला मजकूर ‘जरा नजर टाका’ म्हणून येतो. ते काम हंगामाबरोबर परत येणार नाही. त्याच्या जागी दुसरं काय, हे आत्ताच शोधायला हवं.

२. रिकाम्या दिवसांतलं पहिलं काम वसुली. आमच्याकडे टंचाई कामाची कमी आणि हातात आलेल्या पैशांची जास्त असते. हंगामात केलेल्या कामाचं बिल विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, “ताई, जाहिरातींचे पैसे अजून आले नाहीत.” ते पुष्कळदा खरंही असतं, कारण अंकाचा डोलारा जाहिरातींवर उभा असतो. पण जाहिरातदाराने उशीर केला, तर त्याचा भार प्रुफं वाचणाऱ्याने का सोसावा? २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा आधार आपल्यासारख्या सेवा देणाऱ्यांनाही घेता येतो. त्यासाठीची ‘उद्यम’ नोंदणी फुकट आहे, ऑनलाइन होते. लेखी करार असेल तर त्यातल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात आणि ती मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. कोर्टकचेरी करा असं मी म्हणत नाही. या धंद्यात माणसं जपावीच लागतात. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख छापावी. हिशेब बघणारा माणूस ती ओळ वाचतो.

३. दर पाडू नये. डिसेंबरात उतरवलेला दर पुढच्या सप्टेंबरातही तोच राहतो. समोरच्याची खरंच ऐपत नसेल, तर काम कमी करून द्यावं. तीन वाचनांऐवजी एकच करू, शेवटचं प्रूफ तुम्ही बघा, असं स्पष्ट सांगावं.

४. हंगामाचे पैसे वेगळ्या खात्यात टाकून दरमहा ठरावीक रक्कम स्वतःला पगार म्हणून द्यावी. टीडीएस कापला असेल तर विवरणपत्र वेळेवर भरावं. कर लागत नसेल तर ते पैसे परत मिळतात.

५. संपादकांना फोन करायचा तो डिसेंबरात. सप्टेंबरात त्यांना श्वास घ्यायलाही सवड नसते. आता ते मोकळेपणी बोलतात. त्यांचा अंक वाचून मगच फोन करावा. कोणता लेख आवडला ते सांगावं आणि पुढच्या वर्षी काय करायचं मनात आहे, ते विचारावं. माझी कित्येक कामं अशा गप्पांतून ठरली आहेत.

६. घरच्यांशी बोलून ठेवावं. काम नाही असं दिसलं की बँकेची खेप, पाहुण्यांची सरबराई, धाकट्यांचा अभ्यास, सगळं आपल्याकडे येतं, बायकांकडे तर हमखास. “घरीच आहेस ना!” हे वाक्य मंदीपेक्षा जास्त खच्ची करतं. म्हणून अकरा ते दोन टेबल सोडायचं नाही, हा नियम काम असो-नसो पाळावा. त्या वेळात मी प्रत्येक प्रकाशकाची लेखनपद्धत लिहून काढते. एकाला ‘केलं’ चालतं, दुसऱ्याला ‘केले’च लागतं, कोणी आकडे अक्षरी मागतो, कोणी अंकी, परकी नावं कोण कशी लिहितो, तेही त्यात येतं. जानेवारीत चारशे पानांचं हस्तलिखित आलं की ती यादी शेजारी ठेवून पहिल्या दिवसापासून सरळ वाचायला बसता येतं.