देवाची निद्रा आणि भक्ताचा विश्वास



पहाटे काकडआरतीने देवाला जागे करतात व रात्री शेजारतीनंतर गाभाऱ्याचे दार बंद होते. लांबून आलेले यात्रेकरू कधी कधी त्या बंद दाराशी येऊन थांबतात आणि कार्यालयात येऊन विचारतात, "देवाला कसली आली झोप?" प्रश्न रास्त आहे. जो अखंड जागा आहे, त्याला आपल्या पूर्वजांनी निजविले ते कशासाठी? याचे उत्तर शोधताना जीवनाविषयी एक मोलाची शिकवण हाती लागते.

चातुर्मासाची शिकवण

आषाढ शुद्ध एकादशीला भगवान विष्णू शेषशय्येवर शयन करतात व कार्तिक शुद्ध एकादशीला जागृत होतात, अशी श्रद्धा आहे. म्हणून पहिलीस शयनी व दुसरीस प्रबोधिनी म्हणतात. आपल्या बीड जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या नजरेने या महिन्यांकडे पाहावे. नांगरणी, बी-बियाणे, पैशाची जुळवाजुळव ही सारी धावपळ पेरणीपर्यंतची. बी एकदा मातीत गेले की ते रुजले की नाही, हे उकरून पाहता येत नाही. त्यानंतर खुरपणी करावी, राखण करावी आणि आभाळाकडे पाहून वाट पाहावी, एवढेच हाती उरते. देव निजला असे ज्या महिन्यांत आपण म्हणतो, त्याच महिन्यांत बी अंकुरते, ओढे वाहतात, बाजरीचे कणीस भरते. यावरून एक गोष्ट ध्यानी घ्यावी, की देवाची निद्रा म्हणजे देवाची अनुपस्थिती नव्हे.

आपल्या आयुष्यातही असे चातुर्मास येतात. आजारपणातील अंथरूण, नोकरीतून निवृत्ती, मुलीच्या लग्नाची वा मुलाच्या नोकरीची प्रतीक्षा. काहीच घडत नाही असे वाटणाऱ्या त्या दिवसांत मन खचते. परंतु पेरलेले उकरू नये, हा शेतकऱ्याचा धडा तेव्हा उपयोगी पडतो.

देवालाही श्रम होतात

पंढरपूरला आषाढी व कार्तिकी यात्रेच्या आधी श्रीविठ्ठलाचा पलंग काढतात. यात्रेच्या काळात देवाला निद्रा नाही. रात्रंदिवस तो भक्तांसाठी उभा असतो. यात्रा सरली की प्रक्षाळपूजा होते. देवाचा शिणवटा जावा म्हणून त्याला ऊन पाण्याने स्नान घालतात, काढ्याचा नैवेद्य दाखवितात आणि मग पुन्हा शेज सजते. तुळजापूरला श्रीभवानीमाता शारदीय नवरात्रापूर्वी घोरनिद्रा घेते आणि विजयादशमीच्या सीमोल्लंघनानंतर आश्विन पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा. महिषासुराशी झालेल्या युद्धाचे श्रम त्या निद्रेने उतरतात, असा भाव आहे.

ज्यांनी ही पूजापद्धती घालून दिली, त्यांनी देवाच्या निमित्ताने माणसालाच सांगितले की, कामाच्या वेळी पलंग काढावा आणि काम सरल्यावर न लाजता निजावे. दोन्ही वेळा देवाच्याच आहेत. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायातही अतिनिद्रा आणि अतिजागरण, दोन्ही वर्ज्य मानली आहेत.

ज्यांना विश्रांतीच मिळत नाही

तुळजापूरची देवी श्रमनिद्रेत असते, त्याच सुमारास आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांची बांधाबांध सुरू होते. दसरा-दिवाळीच्या आगेमागे ती पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात कारखान्यांच्या फडांवर जातात आणि हंगाम संपल्यावर उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. निघण्यापूर्वी पुष्कळ जण देवापुढे नारळ फोडतात. ज्या प्रबोधिनीला देव जागा होतो, त्या दिवशी यांतील कितीतरी जण पहाटेच्या थंडीत हाती कोयता घेऊन उभे असतात.

उचल फिटेपर्यंत त्यांना उसंत नसते. एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. माउल्यांचे हाल तर अधिकच. आपल्या जिल्ह्यातील ऊसतोड महिलांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या संख्येने झाल्याचे उघड झाले, तेव्हा 2019 साली राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. अशा भगिनीस केवळ "देवावर विश्वास ठेव" असे सांगणे अपुरे आहे.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांची खांदमळणी करतो. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याला हळद-लोणी लावतो, पोळ्याला त्याला जुंपत नाही. मुक्या जिवाच्या खांद्याची आठवण ठेवणाऱ्या संस्कृतीने माणसाच्या खांद्याचा विसर पडू देऊ नये. आपल्या घरी, शेतावर, दुकानात जो राबतो, त्याला हक्काची सुट्टी व दुखण्याच्या दिवशी पगारासह विसावा देणे, ही देवाच्या शेजारतीइतकीच पवित्र सेवा होय.

सक्तीचे रिकामपण

दुष्काळ हा या भूमीला नवा नाही. 1972 च्या दुष्काळात शेते रिकामी पडली, तेव्हा महाराष्ट्रात लाखो हातांनी दुष्काळी कामांवर माती वाहिली, रस्ते व पाझर तलाव उभे केले. त्यांची श्रद्धा हातावर हात ठेवून बसणारी नव्हती. जे आपल्या हाती आहे ते करावे, जे नाही ते त्याच्यावर सोपवावे. विश्वासाचा अर्थ एवढाच आहे.

एक विनंती

दर्शन झाल्यावर लगेच गाडीकडे धावू नये. सभामंडपात वा पायरीवर क्षणभर टेकावे, ही आपली जुनी चाल आहे. त्या वेळी काही मागू नये. केलेले काम आणि राहिलेली काळजी, दोन्ही देवापुढे ठेवून स्वस्थ बसावे. आणि कधी दार बंद आढळलेच, तर रुष्ट होऊ नये. पहाटे ते निश्चित उघडेल.

सर्व भाविकांना कामाच्या दिवसांत बळ व विश्रांतीच्या दिवसांत शांती लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

— सचिव, देवस्थान कार्यालय