कुंडीतील पिठ्या ढेकूण आणि साबणाचे पाणी

बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यालगत, 'केऑनिक्स' या कर्नाटक शासनाच्या महामंडळाने १९७८ साली इलेक्ट्रॉनिक सिटी वसविली. पूर्वी जेथे कोनप्पन अग्रहार आणि दोड्डतोगूर या गावांची शेते होती, तेथे आता बहुमजली इमारतींच्या सज्जांत जास्वंद, तुळस आणि क्रोटनच्या कुंड्या दिसतात. मात्र शेते गेली म्हणून कीड गेली नाही. पिठ्या ढेकणांची सूक्ष्म पिले वाऱ्याबरोबर उडून येतात किंवा रोपवाटिकेतील रोपाबरोबर घरात शिरतात.

जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखे पुंजके दिसू लागले म्हणजे ही कीड लागली असे समजावे. तिच्या अंगावर मेणाचा थर असल्यामुळे नुसते पाणी ओघळून जाते. साबण हा थर भेदतो व मऊ अंगाच्या किडीच्या पेशींना इजा करतो. लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा सौम्य द्रवसाबण पुरतो. कपडे धुण्याची पूड मात्र वापरू नये, तिने पाने करपतात. फवारा प्रत्यक्ष किडीच्या अंगावर पडला तरच उपयोग होतो, कारण वाळलेल्या साबणात मारकशक्ती उरत नाही. म्हणून पानांची खालची बाजू आणि देठांचे बेचके भिजविणे अगत्याचे असते. अंडी मेणाच्या पुंजक्यात सुरक्षित राहतात. तेव्हा आठवड्याच्या अंतराने हा उपाय दोनतीनदा करावा लागतो. एकदा फवारून निराश होणारेच अधिक आढळतात. हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने कडुनिंब आणि करंज यांच्या तेलांपासून फवारणीचे साबण तयार केले, ते याच तत्त्वावर.

तंबाखूचा काढा हा जुना उपाय आहे. परंतु निकोटीन हे जहाल विष होय आणि मुलांचा वावर असलेल्या सज्जात त्याला स्थान नसावे.

मुंग्यांकडेही लक्ष हवे. ढेकणांनी सोडलेल्या गोड द्रवाच्या लोभाने त्या ढेकणांच्या शत्रूंना हुसकावून लावतात. या शत्रूंचे सामर्थ्य मोठे आहे. पपईवरील परदेशी पिठ्या ढेकूण २००८ साली कोइमतूर भागात आढळला आणि पपईबरोबरच तुती, जास्वंद अशा अनेक वनस्पतींवर पसरला. २०१० साली बंगळूरच्या राष्ट्रीय कीटक संस्थेने पोर्तो रिको येथून त्याचे परजीवी कीटक आणविले. त्यांतील 'ॲसरोफॅगस पपायी' ही चिमुकली गांधीलमाशी विशेष यशस्वी ठरली. जहाल कीटकनाशकाने अशा मित्रकीटकांचाही बळी जातो.

पुंजके चिरडण्यापूर्वी ते नीट पाहावेत. पिठ्या ढेकूण खाणाऱ्या एका ढालकिड्याची अळीही पांढऱ्या मेणतंतूंनी झाकलेली असते, आणि पुष्कळदा तीच प्रथम मारली जाते. ती ढेकणाहून मोठी असते व काडीने डिवचताच चपळपणे चालू लागते.