मोटारसायकलची ठिणगी

आज मी मोटारसायकल सुरू होत नसली तर काय पाहावे ते सांगणार आहे. माझे मामा गाड्या दुरुस्त करतात. सुटीत मी त्यांना पाने काढून देतो.

इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. ठिणगी प्लगमध्ये पडते. बॅटरी १२ व्होल्टची असते, पण ठिणगीला १०,००० व्होल्टहून जास्त दाब लागतो. तो कॉइल तयार करते. म्हणून चालू गाडीत प्लगच्या वायरीला हात लावू नये, जोराचा झटका बसतो. इंजिनासोबत मॅग्नेट फिरतो, त्यातून वीज निघते. त्यामुळे कित्येक जुन्या गाड्या बॅटरी मेली तरी किकने सुरू होतात. राजदूत, येझदी या गाड्यांत पॉइंट असत, ते घासून साफ करावे लागत. नंतर सी.डी.आय. नावाचा बंद डबा आला. तो घासता येत नाही, बदलावाच लागतो.

पुष्कळ लोक नुसती किक मारत राहतात. मामा म्हणतात, "अबे, आधी कॉक तं पाय, चालू हाये का!" मग प्लग काढावा. टोक विटकरी असले तर ठीक. काळे असले तर काजळी धरली, ती पॉलिश पेपरने काढावी. ओले असले तर पेट्रोल जास्त झाले, वाळू द्यावे. मग प्लग टोपीत बसवून त्याचे लोखंड इंजिनाला टेकवावे व किक मारावी. निळी ठिणगी पडली तर वीज चांगली आहे. पिवळी, बारीक पडली किंवा पडलीच नाही तर पहिले दुसरा प्लग लावून पाहावा. हे काम मोठ्यांनीच करावे. प्लग त्याच्या भोकापासून दूर धरावा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ येते आणि भडका होऊ शकतो.

गेल्या श्रावणात आमची गाडी पाऊस आला की बंद पडायची. ताईला ताप होता, तर बाबांना शेजारच्या काकाजींची गाडी मागावी लागली. तालुक्याच्या एका मिस्त्रीने कॉइल गेली म्हटले. युरियाचे पैसे कॉइलमध्ये गेले. पुन्हा पाऊस आला, पुन्हा तेच! मग मामांनी रात्री अंधारात गाडी चालू करून प्लगच्या टोपीवर थोडे पाणी शिंपडले. टोपीच्या बाहेर निळ्या ठिणग्या उडताना मी डोळ्यांनी पाहिल्या. टोपीला केसाएवढी चीर होती. टोपी कॉइलपेक्षा पुष्कळ स्वस्त असते.

हॉर्न, इंडिकेटर सगळे एकदम बंद झाले तर फ्यूज पाहावा. फ्यूज उडाला की काही जण तांब्याची तार गुंडाळतात. तसे केले की फ्यूजऐवजी गाडीची वायर जळते. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी येते, ती साफ करावी. आणि कापूस भरलेल्या खोलीत गाडी ठेवत असाल तर वायरी नक्की पाहा. तिथे उंदीर असतात, ते वायरी कुरतडतात.

१ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या गाड्यांचा समोरचा दिवा गाडी चालू असली की दिवसाही लागलेला असतो. तो बिघाड नाही. तरी रस्त्याने लोक मामांना हात करतात, "लाइट चालू हाये!" मामा आता नुसती मान हलवतात.