रेघ आखणारें यंत्र

घर बांधावयाचें म्हणजे प्रथम काय करावें लागतें? बहुतेक विद्यार्थी म्हणतील, पाया खणावा लागतो. परंतु कुदळ उचलण्यापूर्वीं जमिनीवर फक्कीची रेघ ओढावी लागते. भिंत कोठें यावयाची हें ती रेघ सांगते. या कामास आखणी म्हणतात.

आपले गवंडी दोरी, गुण्या व ओळंबा यांच्या साह्यानें हें काम करीत आले आहेत. कोपरा काटकोनांत आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं ते एका बाजूवर ३ फूट व दुसरीवर ४ फूट मोजतात. कर्ण ५ फूट भरला म्हणजे कोन बरोबर. या कोनांत एकाच अंशाची चूक झाली, तर १० मीटर लांब भिंतीचें टोंक सुमारें साडेसतरा सेंटिमीटर सरकतें. रेघ पुसणें सोपें. उभी भिंत पाडणें कठीण. शिवाय गवंड्यामागें सुतार व सुतारामागें रंगारी खोळंबतो, आणि रोजंदारीच्या माणसास खोळंबलेला दिवस म्हणजे बुडालेली मजुरी होय.

ही नासाडी टाळण्याचा विचार जपानांतील टोयोटा मोटारींच्या कारखान्यांत पद्धतशीरपणें झाला. तेथील ताइइची ओनो यांनीं नासाडीचे सात प्रकार सांगितले. खोळंबा व सदोष काम हे त्यांपैकीं दोन. १९९२ सालीं लौरी कोस्केला या फिनलंडच्या संशोधकानें हे विचार बांधकामास लावून दाखविले. या पद्धतीस आज ‘लीन’ बांधकाम म्हणतात. येथें लीन म्हणजे नम्र नव्हे. इंग्रजींत त्याचा अर्थ सडपातळ, म्हणजे फाजील भार नसलेलें.

याच कामीं आतां आखणीचें यंत्र आलें आहे. कॅलिफोर्नियांतील डस्टी रोबोटिक्स ही कंपनी २०१८ सालीं निघाली. एचपी कंपनीनें आपलें यंत्र २०२२ सालीं जाहीर केलें. त्याची रीत अशी : तिवईवरील मोजणीयंत्र प्रथम ठाऊक असलेले बिंदू पाहून आपली जागा ठरवितें. मग तें प्रकाशकिरणानें चाकांच्या लहान यंत्राचें अंतर व कोन सतत मोजतें. तें लहान यंत्र गणकयंत्रांतील नकाशाप्रमाणें काँक्रीटच्या जमिनीवर फिरून शाईनें रेघा छापतें. फरक सुमारें दीड मिलिमीटर, म्हणजे कारागिरांच्या भाषेंत अर्धें सूत, इतकाच राहतो असें डस्टीचे कर्ते सांगतात. भिंत, नळ, वीज या सर्वांच्या खुणा एकाच जमिनीवर उमटल्यामुळें एकाचा नळ दुसऱ्याच्या वाटेंत येत असल्यास तें भिंत उठण्यापूर्वींच दिसतें.

परंतु रेघ योग्य कीं अयोग्य हें यंत्रास कळत नाहीं. जुना नकाशा दिला तर तें जुनीच चूक तितक्याच नेमकेपणानें छापील. आरंभाचा बिंदू चुकला तर सारा मजला सरकेल. म्हणून दक्ष कारागीर छापलेल्या आयताकृति खोलीचे दोन्ही कर्ण फितीनें मोजून पाहतो. ते समान भरले नाहींत, तर काम तेथेंच थांबवितो.

विद्यार्थिमित्रांनो, क्रीडांगणावर दोरीनें एक आयत आखा, आणि त्याचे कर्ण मोजा. पहिल्या खेपेस ते बहुधा जुळणार नाहींत. तेव्हां रेघ पुसा व पुन्हां आखा. चूक रेघेंत असतांनाच सुधारावी, हाच या नव्या यंत्राचा व जुन्या ओळंब्याचा एक धडा आहे.