‘पेक्षा’चा भार

चि. मनू हीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा घरात पाहुणे होते, नीट बोलता आलं नाही. आठवडाभर तुलना शिकवूनही निम्मा वर्ग ‘राम इज टॉल दॅन गोविंद’ असंच लिहितो, म्हणून तू अगदी रडकुंडीला आली होतीस.

अगं, त्या वाक्यात आळस नाही, चोख मराठी आहे. ‘राम गोविंदापेक्षा उंच आहे’ हे बघ. ‘उंच’ जागचा हलला का? सगळा भार ‘पेक्षा’नं उचललाय. मुलाला ‘पेक्षा’साठी ‘दॅन’ मिळाला, त्याच्या लेखी काम संपलं. टॉलला आणखी शेपूट कशाला? ‘मोअर म्हणजे जास्त’ सांगितलंस की तो ‘मोअर टॉल’ म्हणणार, आणि दोन्ही नियम पाठ झाले की ‘मोअर टॉलर’. असली दुहेरी रूपं शेक्सपिअरच्या नाटकांतही आहेत, तेव्हा डोळे वटारू नकोस.

आधी मराठी वाक्य फळ्यावर लिही आणि विचार, तुलना कुठं बसलीय? ‘पेक्षा’खाली रेघ तीच मारतील. मग सांग, इंग्रजीत ही पालखी दोघांनी वाहायची, एक खांदा ‘टॉलर’मधल्या ‘अर’चा, दुसरा ‘दॅन’चा. (लांबलचक शब्दांना ‘अर’ऐवजी ‘मोअर’ खांदा देतो, पण ते नंतर.) आणि ‘दॅन-गोविंद’ असं जोडूनच म्हणून घे, ‘गोविंदापेक्षा’ जसं एका दमात येतं तसं. फक्त चिकटायची बाजू उलटी.

मी शिकवायची तेव्हा वर्गात दोन दोऱ्या न्यायची. मुठीतून दोन्हींची टोकं सारखीच वर काढायची, बाकीची दोरी आत. ‘विच इज लाँगर?’ वर्गात दोन तट पडायचे, आणि त्या भांडणात ‘लाँगर’ इतक्यांदा तोंडात यायचा की घोकंपट्टी लागायची नाही. मूठ उघडली की दोन्ही दोऱ्या वीतभराच्या आतल्या! लाँगर ठरायला लाँग असावं लागत नाही, हे मला कधी वेगळं समजवावं लागलं नाही.

मुलांना मात्र शेजारी शेजारी उभं करू नकोस. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी दोन मुलींना पुढं बोलावून ‘फॅटर’ आणि ‘थिनर’ शिकवलं. वर्ग हसला, मीही हसले. त्यातल्या एकीनं वर्ष संपेपर्यंत हात वर केला नाही. रंगाचं तर नावही काढू नकोस.

‘बिग’चा जी दोनदा, ‘हॅपी’च्या वायचा आय, हे पुस्तकात आहे, सवयीनं येईल. ‘नो अदर’ आणि ‘व्हेरी फ्यू’ची रूपांतरं परीक्षेपुरती.

फावल्या तासाला एक गंमत सांग. ‘तारतम्य’ हा शब्द संस्कृतातल्या ‘तर’ आणि ‘तम’ या तुलनेच्या प्रत्ययांवरून आला. ‘स्वादिष्ट’चं मूळ रूप ‘स्वादिष्ठ’, त्यातला ‘इष्ठ’ आणि ‘स्वीटेस्ट’मधला ‘एस्ट’ एकाच घराण्यातले. ‘स्वादु’ आणि ‘स्वीट’सुद्धा सख्खे. आपल्याकडे ‘स्वादिष्ट’मधला ‘सगळ्यांत’ हा अर्थ गळून गेला, म्हणून रोजची आमटीही स्वादिष्ट.

दिवाळीला येशील तेव्हा चार-पाच वह्या घेऊन ये. चुका पुसायला लावू नकोस, मला बघायच्यात.

तुझी,
आत्या